अनावर चाळे : टूरेटच्या विकाराची ओळख

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,’ असे आपण सहज बोलून जातो. खोड ही माणसाने आपली आपण लावून घेतलेली असते आणि मनात आणील तर तो ती सोडू शकेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. नखे कुरतडणे, पाय हलवीत बसणे अशा सवयींपुरते हे ठीक आहे. परंतु सहा-सात वर्षांचे एखादे हसतेखेळते मूल एकाएकी डोळे मिचकावू लागते. दोन महिन्यांनी डोळे थांबतात आणि मान झटकणे सुरू होते. पुढे सर्दी नसता ते नाक ओढते, घसा खाकरते, वर्गात सारे चिडीचूप असता मध्येच ‘हुं’ असा आवाज काढते. आईबाप आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात, मग कान-नाक-घशाच्या. तेथे काही निघत नाही. मग रागावणे होते, मार होतो आणि शेवटी कोणी तरी हळूच सुचवते की, पोराला बाहेरचे काही झाले असावे.

अशा मुलाला बहुधा खोड लागलेली नसते, त्याला कोणी झपाटलेले नसते आणि आईबापांच्या लाडांनी ते बिघडलेलेही नसते. मेंदूतील ज्या यंत्रणेकडे हालचालींचे नियमन आहे, तिच्यात काही कमीजास्त झालेले असते. हे चाळे टिकून राहिले आणि त्यांना आवाजांची जोड मिळाली म्हणजे त्यास टूरेटचा विकार म्हणतात. तो कसा ओळखावा, त्याच्या कारणांसंबंधी दोनशे वर्षांत काय उमगले आणि अशा मुलाशी आपण कसे वागावे, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विकाराचे स्वरूप

अचानक, क्षणभर आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा हालचालीस किंवा आवाजास वैद्यकात ‘टिक’ म्हणतात. आम्ही येथे ‘चाळा’ हा आपला शब्द वापरू. मात्र त्यात खोडसाळपणाची जी छटा आहे, ती वाचकांनी बाजूस ठेवावी. चाळे दोन प्रकारचे असतात. डोळे मिचकावणे, नाक मुरडणे, मान किंवा खांदा उडवणे, उडी मारणे, वस्तूला हात लावून पाहणे हे अंगाचे चाळे. खाकरणे, नाक ओढणे, हुंकार, चीत्कार, एखादा शब्द किंवा दुसऱ्याचे बोलणे पुन्हा उच्चारणे हे आवाजाचे चाळे. अंगाचे कमीत कमी दोन व आवाजाचा एक तरी चाळा असेल, अठराव्या वर्षापूर्वी त्यांची सुरुवात झाली असेल आणि ते कमीजास्त होत का होईना, वर्षाहून अधिक काळ टिकले असतील, तर डॉक्टर टूरेटचे निदान करतात. काही आठवडे डोळे मिचकावून आपोआप थांबणारी मुले पुष्कळ असतात. त्यांची गणना यात होत नाही.

विकार बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास दिसू लागतो, दहा ते बारा या वयात तो सर्वांत जोरात असतो आणि पुढे तारुण्याकडे जाताना बहुतेकांच्या बाबतीत ओसरतो. काहींच्या वाट्याला मात्र तो जन्मभर येतो. मुलींपेक्षा मुलांत तो तीन-चार पट अधिक आढळतो. शाळेत जाणाऱ्या हजार मुलांत सुमारे तीन ते आठ मुलांना तो असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसते. म्हणजे पाचशे मुलांच्या शाळेत असे एखाददुसरे मूल असावयाचेच. ते ओळखले गेलेले नसते, इतकेच.

फेपऱ्याशी याचा घोटाळा होऊ देऊ नये. फेपऱ्याच्या मोठ्या झटक्यात शुद्ध हरपते. येथे मूल पूर्ण शुद्धीवर असते आणि मान झटकीत असतानाच तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर देते. घशाच्या रोगानंतर येणाऱ्या सांधेतापात काही मुलांचे हातपाय वेडेवाकडे हलू लागतात. तो आजार वेगळा आहे आणि त्यात हृदयालाही धोका असतो. म्हणून निदान घरी न करता डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

नागझिऱ्याच्या मचाणावर

या विकारात सर्वांत अधिक गैरसमज एकाच प्रश्नाने होतात. चाळा मूल स्वतः करते, की तो आपोआप होतो? गुरुजी म्हणतात, ‘परवा शाळातपासनीस आले होते, तेव्हा हा दहा मिनिटे अगदी गप्प होता. म्हणजे याला थांबवता येते. मग एरवी का थांबवीत नाही?’ युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा.

याचे उत्तर समजण्यास आपल्या नागझिऱ्यात चलावे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसे बसवून प्राण्यांची नोंद घेते आणि त्यात हौशी मंडळींनाही भाग घेऊ देते. ज्यांनी अशी रात्र काढली आहे, त्यांना ठाऊक आहे की, तेथे मुख्य काम असते ते न हलता, न बोलता बसण्याचे. समजा, मध्यरात्र उलटली आहे. खाली पाचोळा वाजतो आहे आणि एक अस्वल पाण्यावर उतरले आहे. नेमकी याच वेळी तुमच्या घशात खवखव सुरू होते. तुम्ही आवंढा गिळता, तोंडावर रुमाल दाबता. एक मिनिट जाते, दोन जातात. आता अस्वलाकडे लक्ष राहत नाही. सारे लक्ष घशाकडे. शेवटी खोकला येतोच आणि अस्वल निघून जाते.

हा खोकला तुम्ही खोकलात की तो आला? थोडा वेळ तो थोपवणे तुमच्या हाती होते. कायमचा थोपवणे नव्हते. टूरेटचा चाळा असाच असतो. वय दहाच्या पुढे गेलेले बहुतेक रुग्ण सांगतात की, चाळ्याच्या आधी त्या जागी खाज, ताण किंवा दाब जाणवतो, तो वाढत जातो आणि चाळा केला की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. फरक एवढाच की, मचाणावरच्या माणसाच्या घशात खरोखर काही तरी अडकलेले असते. येथे मात्र मानेत किंवा डोळ्यांत काहीही नसते. ती खवखव मेंदूतच उत्पन्न होते. तपासनिसांसमोर गप्प बसलेल्या मुलाने ती दहा मिनिटे धडा ऐकलेला नसतो. त्याने केवळ स्वतःला धरून ठेवलेले असते.

जशी ‘हलू नका’ म्हणताच अंग खाजू लागते, तसे चाळ्यांविषयी बोलणे निघाले की ते वाढतात. धास्ती, दगदग आणि अपुरी झोप यांनीही ते वाढतात. उलट मूल गाण्यात, चित्रात किंवा खेळात रमले म्हणजे ते कमी होतात. म्हणून ‘थांब! पुन्हा केलेस!’ असे बजावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

पॅरिसमधील नऊ रुग्ण

या विकाराचे पहिले तपशीलवार वर्णन १८२५ साली ईतार नावाच्या फ्रेंच वैद्याने केले. त्याची रुग्ण एक सरदार घराण्यातील स्त्री होती. सातव्या वर्षापासून तिला हातांचे झटके येत आणि पुढे भल्या मंडळींत बसली असतानाच तिच्या तोंडून ओरडणे व शिव्या बाहेर पडत. साठ वर्षांनी, १८८५ साली, पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील तरुण डॉक्टर जॉर्ज झील द ला टूरेट याने अशा नऊ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिली हकीकत या स्त्रीचीच होती. त्याचे गुरू शार्को यांनी विकारास शिष्याचे नाव दिले.

टूरेटचा शोध एका जंगली हकीकतीपासून सुरू झाला होता, हे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील मेन प्रांताच्या अरण्यांत लाकूडतोडे काम करीत. त्यांतील काही जण दचकवले की उंच उडी मारीत आणि जोराने आज्ञा दिली की तत्क्षणी ती पाळीत, असे बिअर्ड नावाच्या डॉक्टराने १८८० च्या सुमारास लिहिले. मलायातूनही अशाच हकीकती आल्या होत्या. हे सारे एकच दुखणे असावे, असे टूरेटला वाटले. पुढे ते वेगळे ठरले. लाकूडतोड्याचा झटका बाहेरच्या दचक्याने येई. टूरेटच्या रुग्णाला कोणी दचकवावे लागत नाही.

त्या सरदार स्त्रीच्या शिव्यांची कीर्ती मात्र इतकी पसरली की, टूरेट म्हणजे शिव्या देणारे माणूस, अशी समजूत जगभर रूढ झाली. वस्तुतः हे लक्षण दहांतून फार तर एक-दोघांत आढळते. शिवी नाही म्हणून टूरेट नाही, असे समजणे चूक. आणि शिवी आहे म्हणून संस्कार नाहीत, असे समजणे त्याहून मोठी चूक.

दोष कोणाच्या माथी?

विकार आनुवंशिक असावा, असा टूरेटचा तर्क होता. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारे फिरले. कोणी रुग्णाच्या दुबळ्या इच्छाशक्तीला दोष दिला, तर मनोविश्लेषणवाद्यांनी मनात दडपलेला राग आणि आईबापांशी असलेले संबंध यांत मूळ शोधले. मुलाचे दुखणे होतेच, त्यात आईच्या मनाला आपण अपराधी असल्याची टोचणी लागली. याच काळात उलट दिशेचा एक पुरावा मात्र डोळ्यांसमोर होता. १९१७ नंतरच्या दहा वर्षांत जगभर मेंदूच्या दाहाची एक साथ आली. तिच्यातून वाचलेल्यांपैकी काहींना अगदी असेच चाळे जडले. मेंदूला इजा झाली तर चाळे उत्पन्न होतात, हे यावरून दिसत होते.

वादाला खरे वळण औषधाने दिले. १९५८ साली बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल हे औषध तयार झाले आणि १९६१ साली फ्रान्समध्ये टूरेटच्या एका रुग्णाला त्याने गुण आल्याचे प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कचे आर्थर आणि एलेन शपिरो या दांपत्याने १९६८ साली हाच अनुभव मांडला आणि मनोविश्लेषणाच्या उपपत्तीवर कडक टीका केली. वर्षानुवर्षे बोलून जे हटले नाही, ते थेंबांनी कमी होत असेल, तर शोध मेंदूतच केला पाहिजे, हे हळूहळू मान्य झाले. १९७२ साली अमेरिकेत रुग्णांच्या कुटुंबीयांनी आपली संघटना काढली आणि पुढील संशोधनास तिने मोठा हातभार लावला.

फाटकावरचा पहारेकरी

मेंदूत नेमके काय बिघडते? नागझिऱ्याला गेलेल्यांना पिटेझरी आणि चोरखमारा ही फाटके ठाऊक आहेत. आत जाऊ इच्छिणाऱ्या गाड्या पुष्कळ. फाटकावरचा रक्षक ठरलेल्या तेवढ्याच सोडतो, बाकीच्या थांबवतो. आपल्या मेंदूतही असेच एक फाटक आहे. मेंदूच्या वरच्या थरात हालचालींचे अनेक बेत सतत तयार होत असतात. ते खोल भागातील पेशींच्या काही पुंजक्यांकडे जातात. या पुंजक्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. तेथे हवी ती हालचाल पुढे सोडली जाते आणि नको त्या अडवल्या जातात. आपण चहाचा कप उचलतो तेव्हा केवळ तो उचलण्याचीच हालचाल होते, मान झटकली जात नाही, हे या पहाऱ्याचेच काम. डोपामिन नावाचे रसायन हे फाटक उघडण्यास मदत करते. हॅलोपेरिडॉल डोपामिनला अडवते. त्याचा गुण का येतो, हे यावरून लक्षात येईल.

टूरेटमध्ये हा पहारा ढिला पडतो, असे मानण्यास चांगला आधार आहे. २००५ साली येल विद्यापीठात टूरेटच्या काही रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासण्यात आले. शेजारच्या पेशींना आवर घालणाऱ्या एका जातीच्या पेशी पुंजक्यांच्या एका भागात फारच कमी आढळल्या आणि दुसऱ्या भागात प्रमाणाबाहेर अधिक. या निबंधाचे पहिले लेखक पॉल कलानिधी हे भारतीय वंशाचे होते. पुढे ते मेंदूचे शस्त्रवैद्य झाले आणि २०१५ साली अल्पवयात कर्करोगाने वारले. स्वतःच्या मृत्यूकडे पाहत त्यांनी लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. २०१० साली अधिक मेंदू तपासून आवर घालणाऱ्या पेशींच्या कमतरतेस दुजोरा मिळाला. माकडांवरील प्रयोगही याच दिशेला बोट दाखवतात. या पुंजक्यांतील एका लहानशा जागेतील आवर औषध टोचून काही वेळ काढून घेतला की, माकडाच्या चेहऱ्याला किंवा हाताला चाळ्यासारखे झटके येऊ लागतात; औषधाचा अंमल उतरला की ते थांबतात.

वारसा आणि परिस्थिती

पहारा मुळात ढिला का पडतो, हा पुढचा प्रश्न. १९८५ साली अमेरिकेत जुळ्या भावंडांची पाहणी झाली. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब सारख्या जुळ्यांत एकाला टूरेट असेल, तर दुसऱ्यालाही तो शंभरांतून ५३ जोड्यांत होता. साध्या जुळ्यांत हे प्रमाण ८ एवढेच होते. यावरून दोन गोष्टी निघतात. वारशाचा वाटा मोठा आहे. आणि तो सर्वस्वी नाही, कारण तसे असते तर ५३ च्या जागी शंभर आले असते.

मग या वारशाला कारण होणारा जीन शोधण्याची धडपड सुरू झाली. २००५ साली एक जीन सापडल्याचे जाहीर झाले, पण फारच थोड्या रुग्णांत त्यात दोष निघाला. २०१० साली एक विलक्षण कुटुंब प्रकाशात आले. बाप आणि त्याची आठही मुले या विकाराने ग्रस्त होती, आणि हिस्टामिन हे रसायन बनवणाऱ्या त्यांच्या जीनमध्ये दोष आढळला. परंतु तो दोषही इतरत्र विरळाच. २०१९ साली ४,८१९ रुग्णांची तुलना ९,४८८ इतर माणसांशी करण्यात आली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. बहुतेकांत एकच एक मोठा दोष नसतो. अगदी किरकोळ परिणामाचे शेकडो फरक एकत्र येतात आणि त्यांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की विकार संभवतो. यांतील पुष्कळ फरक तुमच्याआमच्यातही असतात. त्यामुळे ‘हे कोणाच्या घराण्यातून आले, आईच्या की बापाच्या?’ या आपल्याकडील आवडत्या प्रश्नाला बहुधा ‘दोन्हीकडून थोडे थोडे’ हेच उत्तर असते. लग्न मोडण्यास किंवा सुनेला बोल लावण्यास यात काही आधार नाही.

राहिलेला वाटा परिस्थितीचा. गरोदरपणात आईने तंबाखू ओढणे, बाळाचे जन्मतः वजन कमी असणे यांचा संबंध काही पाहण्यांत दिसून आला आहे. घशाच्या जंतुदोषानंतर शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटते आणि काही मुलांना एकाएकी चाळे जडतात, असे मत १९९८ साली पुढे आले. त्यावर अजून वाद चालू आहे.

उपाय काय?

सौम्य विकाराला औषध लागतच नाही. तो काय आहे हे घरात आणि शाळेत समजले की अर्धे काम होते. पुष्कळदा चाळ्यांपेक्षा त्यांच्या जोडीने येणारा त्रास अधिक असतो. निम्म्याहून अधिक मुलांत चंचलपणा व लक्ष न लागणे आढळते आणि अनेकांना त्याच त्या विचारांचा व कृतींचा ससेमिरा लागतो. त्यावरही उपचार करावे लागतात.

चाळ्यांवर एक शिकवणी आहे. खवखव जाणवताच चाळ्याच्या उलट अशी साधी कृती करून ती ओसरेपर्यंत टिकवावयाची. मान झटकत असेल, तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताठ धरावे; हुंकार येत असेल, तर नाकाने सावकाश श्वास घ्यावा. ही कल्पना १९७३ सालची. २०१० साली नऊ ते सतरा वर्षांच्या १२६ मुलांवर तिची पद्धतशीर परीक्षा झाली. शिकवणी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना स्पष्ट सुधारणा जाणवली. केवळ समजावणी व धीर मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरांत अठरा-एकोणीस होते. चाळे आवरले की नंतर दुपटीने उसळतात, ही जुनी भीतीही प्रयोगांत खरी ठरली नाही. परंतु शिकवणी आणि दटावणी यांत अंतर आहे. येथे मुलाला युक्ती दिली जाते, आज्ञा नव्हे.

जोर अधिक असेल, तर डॉक्टर क्लोनिडिन, ॲरिपिप्रॅझोल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधे देतात. त्यांनी चाळे कमी होतात, नाहीसे होत नाहीत. झोप येणे, वजन वाढणे असे परिणामही होतात. म्हणून औषध आपल्या मनाने सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये. इतर कशानेही न हटणाऱ्या, फार तीव्र विकारात मेंदूत विजेची बारीक तार बसवण्याचा उपाय १९९९ पासून काही ठिकाणी केला जातो.

गाव आणि शाळा

आपल्याकडे या विकाराचे नाव बहुतेकांनी प्रथम ऐकले ते २०१८ साली आलेल्या ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटामुळे. मुंबईतील शाळेत शिकवणारी टूरेटग्रस्त शिक्षिका त्यात राणी मुखर्जी यांनी रंगवली. ही कल्पित कथा बेतली आहे ब्रॅड कोहेन या अमेरिकन शिक्षकाच्या आत्मकथेवर. त्याला चोवीस शाळांनी नाकारले आणि पंचविसावीने घेतले. चित्रपटाच्या नावावरून मात्र गैरसमज होऊ नये. उचकी छातीखालच्या पडद्याची. हा विकार मेंदूचा.

बाहेरचे झाले, अंगात आले, ही समजूत केवळ रानाकडेच्या गावांत आहे असे नाही. गोंदियाच्या किंवा नागपूरच्या पक्क्या घरांतूनही ती नांदते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली, तो त्यांची हत्या झाली त्याच वर्षी, २०१३ साली, महाराष्ट्रात झाला. भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्यान्वये गुन्हा आहे. ज्या मुलाचा त्रास भीतीने वाढतो, त्याच्यावर असे उपाय करणे किती उलटे आहे, हे वर सांगितलेल्यावरून ध्यानात यावे. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तेव्हा मुलाला अशा जाचात लोटण्याचे काही कारण उरलेले नाही.

शिक्षकांना आमची विनंती थोडक्यात अशी. मुलाच्या आणि आईबापांच्या संमतीने वर्गाला एकदा पाच मिनिटांत हा विकार समजावून सांगावा. पुढे त्याचा उल्लेख करू नये. मुलाला दाराजवळची जागा द्यावी आणि असह्य झाले तर दोन मिनिटे बाहेर जाऊन येण्याची मुभा द्यावी. परीक्षेत शक्य तर वेगळी खोली व थोडा अधिक वेळ मिळवून द्यावा. नक्कल करणाऱ्यांना मात्र लगेच आवरावे. चाळ्यांचा जोर दहा ते बारा या वयात सर्वाधिक असतो आणि पोरांची थट्टाही त्याच वयात सर्वांत बोचरी असते. पुढे चाळे बहुधा ओसरतात. परंतु मूल शाळेत टिकले की शाळा सोडून घरी बसले, हे याच दोन-तीन वर्षांत ठरून जाते, आणि ते ठरवणे बऱ्याच अंशी आपल्या हातचे आहे.